अक्काच्या हाताचा नंबर

१

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. धुळ्याला पारोळा रोडवर एक खाजगी दवाखाना आहे, तिथलं थिएटर मी, दिपमाला सिस्टर, एकोणीस वर्षं सांभाळते आहे. नवीन मुलगी आली की पहिल्या आठवड्यात मी तिला एकदा तरी रडवते. दुसऱ्या आठवड्यात माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी तिला देते. आमच्याकडे असंच शिकवतात, मीही अशीच शिकले.

हातमोज्यांच्या नंबरावरून मी माणूस ओळखते. आमचे सर्जन लीलाधर सर साडेसात. भूल देणाऱ्या मॅडम सहा. मी साडेसहा. भिंतीवर यादी लावलेली आहे, पण मला तिच्याकडे बघायची गरज पडत नाही.

थिएटरमध्ये एकदा हात कोपरापर्यंत धुतले की ते आपले राहत नाहीत. छातीसमोर वर धरायचे, कशालाही लावायचे नाहीत. दारसुद्धा पाठीनं ढकलून आत यायचं. मग गाऊन. गाऊनची पुढची बाजू निर्जंतुक, पाठ नाही. म्हणून पाठीवरचे बंद आपण बांधायचे नाहीत आणि मागे कोण आहे हे वळून बघायचंही नाही. कोणीतरी मागून येतं आणि बांधतं. आमच्याकडे सव्वीस वर्षं ते कोणीतरी म्हणजे केसरबाई. थिएटरची आया. सगळे तिला अक्का म्हणायचे.

अक्का आधी मानेचा बंद बांधायची, मग कमरेचा. तिची गाठ चार तास हलायची नाही, आणि शेवटी एक टोक ओढलं की लगेच सुटायची. बांधून झालं की ती दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळवा सपाट दाबायची आणि म्हणायची, "व्हई गयं. जाय आते." झालं, जा आता. लीलाधर सर एवढे मोठे सर्जन, पण तो तळवा पाठीला लागल्याशिवाय ते टेबलाकडे पाऊल टाकायचे नाहीत. मीही नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला त्या तळव्याची जरा जास्तच सवय होती, हे आता कबूल करते.

२

गाऊन धुवायची अक्का, घड्या घालायची अक्का. वाफेच्या यंत्रातून निघाले की मात्र त्यांना हात लावायचा नाही. ऑपरेशन संपलं, गाऊन रक्तानं भरला, की तो पुन्हा तिचा. मधला तेवढा वेळ आमचा.

एकदा मी तिच्यावर खेकसले होते, "अक्का, हात लावू नको, किती वेळा सांगायचं?" ती शांतपणे म्हणाली, "मनी मायले हिरवर आसंच सांगेत." तिच्या आईला गावच्या विहिरीवर असंच सांगायचे. मी म्हटलं, "अक्का, हे जंतूंसाठी आहे गं."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "म्हनीसन तं लावत नही."

रविवारी दुपारी थिएटरमध्ये नवीन मुलींचा सराव असतो. जुने, विटके गाऊन त्यासाठी ठेवलेत. मी शिकवते, अक्का पाठी बांधायची. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मुली गेल्या होत्या, अक्का घड्या घालत बसली होती. मध्येच हातातला गाऊन दाखवून म्हणाली, "माय, एक डाव माले बी घालानं शे."

त्या दिवशी एका पोरीनं हातमोजे घालून तीनदा नाकावरचा मास्क वर केला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "गाऊन म्हणजे काय लुगडं आहे का अक्का, हौसेनं नेसायला?"

ती हसली. घडी पुरी केली. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, "बठ्ठासले मी बांधस. मनी पाठ कोन बांधी?" सगळ्यांना ती बांधते, तिची पाठ कोण बांधणार.

मला लाज वाटली. मी म्हटलं, "मी बांधते. पुढच्या रविवारी, नक्की."

पुढच्या रविवारी भाच्याचा साखरपुडा होता, मी अमळनेरला गेले. त्याच्या पुढच्या रविवारी अपेंडिक्स आलं. मग मी विसरले. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात अक्का घरी गहू निवडता निवडता गेली. सूप मांडीवरच होतं म्हणे.

३

तिच्या जागी तिची सून शिल्पा लागली. कामाला चोख, बोलायला कमी. घरात तिचा एकटीचाच पगार पक्का, नवऱ्याची रिक्षा कधी चालते कधी नाही. दोन पोरं शाळेत. मी तिला पहिल्या आठवड्यात रडवलं नाही, एवढंच काय ते मी अक्कासाठी केलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी हर्नियाचं ऑपरेशन होतं. हात धुऊन मी आत आले, शिल्पानं गाऊनचा गठ्ठा बाहेरून उघडला. वाफ नीट बसल्याच्या काळ्या रेघा पट्टीवर उमटलेल्या, पट्टी कुठे फाटलेली नाही. मी गाऊन उचलला आणि थांबले.

पाठीचे बंद पिळलेले होते. घडीत ते सपाट असतात, इस्त्री केल्यासारखे. हे वातीसारखे वळलेले, आणि टोकं ओलसर. बाह्यांची मनगटं सैल पडलेली.

हे मी ओळखते. नवीन मुली पहिल्या दिवशी असंच करतात. मागे कोणी नसलं की दोन्ही हात पाठीकडे नेतात, चाचपडतात, बंद पकडतात, सुटतो, पुन्हा पकडतात. हाताच्या घामानं बंद असे होतात.

"काय झालं सिस्टर?" सरांनी विचारलं.

"घडी बिघडली आहे," मी म्हटलं, आणि दुसरा गठ्ठा मागवला.

४

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही. दर वेळी कुठला तरी एकच गाऊन, दर वेळी न उघडलेल्या गठ्ठ्यातला, आणि बंद दर वेळी आधीपेक्षा जास्त पिळलेले.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी कारणं शोधली. वाफेच्या यंत्रात पाणी राहत असेल. मेकॅनिक बोलावला, त्यानं यंत्र ठणठणीत म्हटलं. धोब्याकडून चूक होत असेल, तर धुणं इथेच होतं. मग एका शनिवारी मी स्वतः घड्या घातल्या, स्वतः गठ्ठे बांधले, स्वतः यंत्रात लावले. सोमवारी त्यांतला एक उघडला. बंद पिळलेले होते, आणि एका बंदाला अर्धवट गाठ होती, बांधता बांधता सोडून दिल्यासारखी.

ही गोष्ट अशीच सोडून देता येत नव्हती. कोणी अंगात घातलेला गाऊन माणसाच्या उघड्या पोटाजवळ नेता येत नाही. मी चार आठवड्यांत चार गाऊन बाद केले, आणि बाद का केले ते रजिस्टरला लिहावं लागलं. रजिस्टर पियुषनं वाचलं. पियुष म्हणजे आमचा मॅनेजर, दवाखान्याच्या मालक डॉक्टरांचा पुतण्या. वाईट मुलगा नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीला एक माणूस जबाबदार लागतो.

"शिल्पाच असणार," तो म्हणाला. "गाऊन घालून मोबाईलवर रील काढत असेल. आजकाल सगळ्याच काढतात."

"गठ्ठे बंद असतात पियुष."

"मग पट्टी बदलत असेल. सिस्टर, ती यायच्या आधी असं कधी झालं होतं का?"

नव्हतं झालं.

तो म्हणाला, "सोमवारी मी स्वतः येतो. माझ्यासमोर गठ्ठे उघडा. एक जरी तसा निघाला तर तिला घरी पाठवतो. पेशंटला काही झालं तर खापर तुमच्यावर फुटेल, तिच्यावर नाही."

शिल्पाला कळायचं ते कळलंच. संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "सिस्टर, पोरांची शप्पथ, मी हात लावत नाही. सासूबाई घरीसुद्धा आधी तेच सांगायच्या."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "घरी त्यांच्या खाटेवर मी चादर टाकते ना, तिची टोकं पण सकाळी अशीच पिळलेली असतात. मी कोणाला सांगितलं नाही."

मी तिला चहा पाजला आणि घरी पाठवलं. माझ्या हातातला कप मात्र तसाच गार झाला.

५

शनिवारी संध्याकाळी थिएटर धुऊन, औषधाची वाफ सोडून आम्ही दाराच्या फटीला चिकटपट्टी लावतो. पट्टीवर तारीख घालून मी सही करते. रविवारी दुपारी मीच उघडते.

त्या रविवारी मी सराव रद्द केला. मुलींना सांगितलं, ऊन फार आहे, येऊ नका. आणि ऊन होतंच, मार्चअखेरचं धुळ्याचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. अडीच वाजता मी पट्टीवरची माझी सही तपासली. ती जशीच्या तशी होती. मी पट्टी काढून आत गेले.

सगळं जागच्या जागी. हिरव्या फरश्या, टेबल, वरचा मोठा दिवा, घड्याळ. ट्रॉलीवर मी एक गठ्ठा ठेवला. सरावाचा विटका गाऊन नव्हे, चांगला, वाफेतून काढलेला. बाहेरचं फडकं नियमानं उघडलं, लांबूनच, आत हात न जाऊ देता. मग मी ट्रॉलीपासून चार पावलं मागे भिंतीशी उभी राहिले. सव्वीस वर्षं अक्का उभी राहायची त्या जागी. तिथून थिएटर वेगळंच दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांच्या पाठीच दिसतात.

मला स्वतःचंच हसू येत होतं. चांगली शिकलेली बाई, दोन लेकरांची आई, रविवारची झोप सोडून भिंतीशी उभी. तरी मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, "चला अक्का. आधी हात."

काही झालं नाही. बाहेर एसटी गेल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, दिपमाला, घरी जा आता.

तेवढ्यात बाजूच्या खोलीतला हात धुवायचा नळ सुरू झाला.

तो नळ कोपरानं ढकलायचा असतो. चावी जड आहे, आपोआप उघडत नाही. पाणी एकसारखं पडत नव्हतं. थांबत होतं, पुन्हा पडत होतं, खालून हात फिरताना पडतं तसं. मधूनमधून ब्रशचा आवाज येत होता. आधी नखं, मग बोटांच्या बेचक्या, मग तळहात. मी आवाजावरून सांगू शकते. माझे डोळे घड्याळावर होते, दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. पाच मिनिटं. मी मुलींना पाच सांगते आणि त्या तीन करतात. हे पूर्ण पाच होतं.

नळ बंद झाला. दार हललं. आतल्या बाजूला ढकललं गेलं, सावकाश, मधोमध. पाठीनं ढकलतात तसं.

मी डोळे मिटून घेतले. ट्रॉलीवर कापड सळसळलं. गाऊन उचलला की त्याच्या घड्या आपल्या वजनानं सुटत जातात, तो आवाज एकोणीस वर्षं रोज ऐकलाय. मग एक बाही. मग दुसरी. मग शांत झालं.

वाट बघत होतं कोणीतरी.

६

डोळे उघडले तेव्हा गाऊन माझ्याकडे पाठ करून उभा होता.

एवढंच सांगते. जास्त सांगता येणार नाही, कारण मीही जास्त बघितलं नाही. ठेंगण्या बाईच्या उंचीचा होता, खालची कड फरशीवर लोळत होती. बाह्या समोर वर धरलेल्या. पाठीचे दोन पदर उघडे होते आणि त्यांच्या मधून मला समोरच्या भिंतीची हिरवी फरशी स्वच्छ दिसत होती. बंद खाली लोंबत होते आणि थोडे थरथरत होते.

मी भिंतीला पाठ घट्ट लावली. मग मी बंदांकडे पाहिलं. चार आठवडे ही बाई एकटीच मागे हात नेऊन चाचपडत होती, कारण मी येते म्हटलं होतं आणि आले नव्हते. भीती होती तशीच राहिली, पण मी चालायला लागले.

आधी मानेचा बंद. माझी बोटं आत लागली. डोळ्यांना फरशी दिसत होती, आणि बोटांना घामानं ओलसर झालेलं ब्लाउज लागत होतं, आणि आत ऊब. मी हात काढून घेतला नाही. मग कमरेचा बंद. मी तिचीच गाठ मारली, चार तास न हलणारी. तिनं मला कधी शिकवली नव्हती. माझ्या पाठीवर एवढ्या वेळा पडली होती की मला येत होती.

बाह्या अजून वर धरलेल्या होत्या. मनगटापुढे काही नव्हतं. हातमोजे हवे होते.

मी कपाटाकडे गेले आणि तिथेच अडकले. सगळ्यांचे नंबर मला पाठ. चार महिन्यांसाठी आलेल्या पोरींचे पाठ. अक्काचा नंबर मला माहीत नव्हता. सव्वीस वर्षांत तिला कोणी विचारलाच नव्हता. मी तर तिच्या हातांकडे कधी नीट बघितलंही नव्हतं, कारण ते नेहमी माझ्या पाठीमागे असायचे.

तिथे कपाटाला डोकं टेकून मी रडले. मला त्या वेळी भीतीपेक्षा हेच जास्त लागलं.

मग मी माझ्या पाठीला विचारलं. खरंच विचारलं. डोळे मिटले आणि तो तळवा आठवला. कुठून सुरू व्हायचा, कुठे संपायचा. बोटं कुठवर पोचायची. रुंद होता. बाईच्या मानानं फारच रुंद. धुण्याचा, दळणाचा, निंदणीचा हात.

साडेसात. लीलाधर सरांचा नंबर.

पाकीट बाहेरून सोलून मी आतलं पाकीट ट्रॉलीवर टाकलं, हात न लावता, आणि पुन्हा मागे येऊन उभी राहिले. समोर बघितलं नाही. मला फक्त पाठ दिसत होती, आणि कोपरं हलत होती. रबर ताणल्याचा आवाज झाला. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. कुठे चुकली नाही, कुठे अडली नाही. सव्वीस वर्षं बघूनच शिकली होती ती.

मी तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवला. माझा तळवा लहान पडला.

"व्हई गयं, अक्का," मी म्हटलं.

पुढचे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते. मी ते म्हटले नाहीत.

७

सोमवारी पियुष आठ वाजताच आला. त्याच्यासमोर मी सहाच्या सहा गठ्ठे उघडले. बंद सपाट, इस्त्री केल्यासारखे. सगळे गठ्ठे पुन्हा वाफेत लावायला लागले म्हणून मी त्याला चार शब्द सुनावलेही.

"मग आधी काय होत होतं?" तो म्हणाला.

"माझी चूक होती," मी म्हटलं. "एक काम राहून गेलं होतं. रजिस्टरला तसं लिहिते."

तसं लिहिलं. शिल्पाचा विषय तिथे संपला. जाता जाता पियुष भिंतीवरच्या यादीपाशी थांबला. "हे केसरबाई, साडेसात, कोणी लिहिलं? त्या तर वारल्या ना?"

"मी लिहिलं. राहू दे."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि राहू दिलं. शिल्पा कोपऱ्यात उभी राहून ती ओळ वाचत होती. मी म्हटलं, "तुझा हात दाखव." तिनं दाखवला. सात. तिच्या सासूच्या खाली तिचंही नाव लिहिलं.

अकरा वाजता पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. हात धुऊन, दार पाठीनं ढकलून मी आत आले. गाऊन उचलला, बाह्यांत हात घातले. शिल्पानं मागून मानेचा बंद बांधला, मग कमरेचा. "झालं सिस्टर," म्हणाली. मी हातमोजे घातले. ती वळसा घालून माझ्या समोर आली आणि टाक्यांच्या दोऱ्यांची पाकिटं काढायला लागली. तिचे दोन्ही हात मला दिसत होते. सर टेबलापलीकडे उभे होते, त्यांचे हात दिसत होते. भुलीच्या मॅडम पेशंटच्या डोक्याशी.

तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक तळवा सपाट दाबला गेला. रुंद. त्याला रबराचा हातमोजा होता.

गाऊन घातलेल्या माणसानं मागे वळून बघायचं नसतं. मी नाही बघितलं.

"सिस्टर, थांबलात का?" सरांनी विचारलं.

जाय आते, असं मी तिला म्हटलंच नव्हतं. मुद्दामच नव्हतं म्हटलं. आता ती मला कधी म्हणते याची मी वाट बघत उभी होते, आणि ती म्हणत नव्हती, आणि तळवा पाठीवरून निघत नव्हता.

"आले सर," मी म्हटलं, आणि आम्ही टेबलाकडे निघालो.